लुटुपुटूची निवड

एरी सरोवरावरचा शेवटचा बर्फ गेला
की बाबा वही काढायचे.
हिरव्या पुठ्ठ्याची, पोलाद कारखान्याच्या हजेरीची,
कारखाना बंद पडला त्या दिवशी कोटाखालून आणलेली.
आयुष्यातली एकुलती चोरी, म्हणायचे.

हजेरीच्या रकान्यांत बावीस-तेवीस वर्षांची पोरं:
नाव, कॉलेज, वजन, चाळीस यार्डांना लागलेले सेकंद,
आणि शेवटी बाबांचा शेरा.
"मान जाड. चालेल."
"आईशी फोनवर नीट बोलतो."
हे त्यांना कुठून कळलं, देव जाणे.
"देखणा. नको."

या ड्राफ्टचा कायदा उलट्या पंगतीचा:
जो सगळ्यांत जास्त हरला, त्याला आधी वाढायचं.
म्हणून लोरेनमध्ये आम्ही वसंतात श्रीमंत असतो.
पहिल्या पाचांत आमचं पान मांडलेलं,
आणि गेली एकोणीस वर्षं
आमच्या संघाने भरल्या ताटात हात घालून
नेमकी मिरची उचललेली.

एकोणीस वर्षांत बाबांचा अंदाज एकदाच खरा ठरला.
पाचवी फेरी, एक पंटर, कोल्बी रेनर.
तो दोन मोसम खेळला आणि मग विमा विकू लागला.
त्या रात्री बाबांनी शेजारच्या मिसेस टब्जना
झोपेतून उठवून सांगितलं होतं.

यंदा वही मी काढली.
जानेवारीत त्यांचा उजवा हात गेला, शब्दही गेले.
डोळे तेवढे तसेच, मुकादमाचे.
स्कूल बसची दुपारची खेप संपवून
मी पिवळ्या जाकिटातच पलंगाशी बसते.
नाव वाचते.
डावा अंगठा वर, किंवा खाली.

टोलेडोहून डेलचा फोन:
क्वार्टरबॅक घ्या, सगळं गाव क्वार्टरबॅक म्हणतंय,
तो केटन व्रूमन, हात आहे की गोफण!
मी वाचते, केटन व्रूमन.
अंगठा खाली.
पुन्हा वाचते, जरा लाडीगोडीने.
अंगठा खाली, वर गादीवर दोनदा आपटलेला.

सिओने ताउफा. युटा. गार्ड. तीनशे अठरा पौंड.
याचं नाव समालोचकांना तो चुकला तरच आठवतं.
अंगठा वर.
बाबांनी बत्तीस वर्षं भट्टीला आतून विटा लावल्या.
धूर अख्ख्या गावाला दिसायचा.

चौथी फेरी आमच्याकडे नाहीच,
दोन वर्षांपूर्वी एका लंगड्या धावपटूच्या बदल्यात गेली.
त्या ओळीवर बाबा "गैरहजर" शिक्का मारायचे.
शिक्का सापडला नाही, मी पेनाने लिहिलं.

सातव्या फेरीपर्यंत त्यांना झोप लागली.
मग एक नाव मी माझ्याच मनाने घातलं,
मेनमधल्या कुठल्याशा कॉलेजचा ऑरेन टिबेट्स.
शेरा सुचेना.
"बस चुकवत नसावा."

गुरुवारी रात्री कोटवाला माणूस चिठ्ठी घेऊन मंचावर आला.
गार्ड नाही. क्वार्टरबॅकसुद्धा नाही.
फ्लोरिडाचा एक रिसीव्हर, कानात हिरा,
गुडघ्यावर दोन शस्त्रक्रिया.

बाबांचा गळा हलला.
मला वाटलं ठसका, मी पाण्याला हात घातला,
आणि तीन महिन्यांनंतर, स्वच्छ, खणखणीत,
आली ती स्लोव्हाक शिवी,
जी मी चर्चच्या पायरीवर उच्चारली म्हणून
आजीने साबणाने माझं तोंड धुतलं होतं.

पुन्हा म्हणा, मी म्हटलं.
पुन्हा म्हणाले.
मी डेलला फोन लावला, त्यालाही ऐकवली.
तो पलीकडे रडतोय की संघाला शिव्या देतोय, कळेना.

वहीत आजच्या तारखेला,
हराबोव्स्की एमेरिक या नावापुढे, मी लिहिलं:
हजर.

दुसरी फेरी उद्या संध्याकाळी सातला.
ताउफा अजून शिल्लक आहे.